कुंडीतला पहारेकरी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या अभियांत्रिकी शिकणाऱ्या चिरंजीवांनी गच्चीवरच्या टोमॅटोच्या कुंडीत स्वतः जुळवलेले एक यंत्र खोचले. वीतभर पट्टी, तिला तारा, आणि निरोप थेट मोबाईलवर! "बाबा, आता आजीला रोज जिने चढायला नकोत," असे तो म्हणाला, तेव्हा मला त्याचे कौतुकच वाटले.

त्यातले शास्त्र सरळ आहे. पाण्याचा परावैद्युतांक सुमारे ८०, हवेचा १, आणि कोरड्या मातीचा फार तर चार-पाच. हा फरक मोजून पट्टी ओल सांगते. मात्र सांगते ती केवळ आपल्या अंगाला लागलेल्या मातीची. आमच्या कुंडीत नारळाचा भुसा अधिक. पट्टीभोवती पोकळी राहिली. यंत्र 'कोरडे, कोरडे' म्हणत राहिले, आम्ही आज्ञाधारकपणे पाणी घालत राहिलो, आणि मुळे कुजून रोपाने मान टाकली. मग आई वर आली. मातीत बोट घालून म्हणाली, "अरे, हा तर चिखल झालाय!"

मला कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर आठवले. गणिताचे प्राध्यापक, परंतु त्यांच्या 'प्रयोग परिवारा'तले शेतकरी आपापले प्रयोग करीत आणि अनुभव एकमेकांना कळवीत. तेथे एकाने सांगावे व इतरांनी ऐकावे, असा मामला नव्हता. आमचे यंत्र मात्र नुसते हुकूम सोडत होते.

आणखी एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. त्या महिन्यात आई दिवसभर खुर्चीत बसून असे, फारसे बोलतही नसे. जिने वाचवताना आम्ही तिचा सकाळचा फेरा, कठड्यापाशी शेजारणींशी होणाऱ्या गप्पा, आणि 'माझी झाडे' म्हणण्याचा हक्कही काढून घेतला होता!

चिरंजीवांनी यंत्र मोडले नाही. त्याची रीत बदलली. आता ते सकाळी विचारते, "बोट घालून पाहिलेत का? माती कशी आहे?" आजी तोंडी उत्तर देते, ते इमारतीतल्या साऱ्या गच्चीकरांना ऐकू जाते. कोणी मिरचीवरच्या माव्याचा उपाय विचारते; आजी सांगते.

वाचकहो, या दिवाळीत फराळाच्या चिवड्यात घरचा कढीपत्ता आहे. आई दुसऱ्या मजल्यावर क्षणभर टेकते आणि पुन्हा चढू लागते. मी तिच्यामागून चालतो. पाण्याची झारी मात्र ती माझ्या हाती देत नाही.