पोटहिस्सा

तीस वर्षे शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली शेते मोजण्यात घालविलेल्या माणसाने कॉम्प्युटरविषयी लिहावे, याचे आमच्या वाचकांना नवल वाटेल. या सदरातून मी लोणच्यापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत बऱ्याच विषयांत नाक खुपसले. पण या यंत्राच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. तेच माझ्या वाटेला आले, त्याला मी काय करू?

आमच्या शहापूरच्या घरी २०१२ साली घेतलेला एक कॉम्प्युटर आहे. आला तेव्हा त्यात विंडोज ७ होती. पुढे चिरंजिवांनी शेजारीच विंडोज १० बसवून दिली, पण जुनी मी काढू दिली नाही. माझे मराठी टायपिंगचे जुने सॉफ्टवेअर तिच्यातच चालते. बटण दाबले की यंत्र अदबीने विचारी, कोणाकडे जायचे? दोन जावांचे हे बिऱ्हाड बरीच वर्षे विनाभांडण चालले. मग १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ चा आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार कंपनीने काढून घेतला. म्हणजे दुसऱ्या दिवशी यंत्र बंद पडते असे नव्हे. पण नव्या चोरांसाठी नवी कुलपे मिळेनाशी होतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. ती आमच्या म्हाताऱ्याजवळ कोठून असणार!

मुरबाडच्या ताईचा मुलगा डिप्लोमाला आहे. तो म्हणाला, "मामा, लिनक्स टाकू तिसरी. फुकट आहे." हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरव्हाल्ड्सने, १९९१ साली हिचा पाया घातला आणि पुढे जगभरच्या लोकांनी ती वाढवली, हे मला वाचून ठाऊक होते. सौ. लाडू वळता वळता एवढेच म्हणाली, "फुकटाचं आपल्याला कधी स्वस्त पडलंय का?"

धनत्रयोदशीच्या रात्री भाचेबुवा यंत्रापुढे बसले. मी झोपलो. मध्यरात्री वीज गेली, हे पंखा थांबल्यावर कळले. सकाळी उठतो तो भाचा चहा न घेताच पहिल्या एसटीने मुरबाडला गेलेला! "आई एकटी फराळाचं करतेय" असे मामीला सांगून गेला. एवढे मातृप्रेम मी त्याच्यात यापूर्वी पाहिले नव्हते. दुपारी बटण दाबले. काळा पडदा, आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ: चालू करण्याजोगे काही सापडत नाही.

पत्र टाइप करता आले नाही याचे मला दुःख नव्हते. त्या यंत्रात आमची आई होती.

२०१४ साली, तीन दुपारी तिला जात्यापाशी बसवून मी तिच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. सारे मिळून दोन तासांचे. २०१९ साली ती गेली. ताईने त्या अजून ऐकल्या नव्हत्या. "ऐकेन रे, पण आत्ता नको," असे ती दर भाऊबीजेला म्हणे. दुसरी प्रत? अहो, ज्या माणसाने जन्मभर "नकाशाची नक्कल काढून ठेवा" असे लोकांना बजावले, त्याच्या घरी दुसरी प्रत नव्हती.

कल्याणच्या एका दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "आणून टाका. सगळं पुसून नवं टाकून देतो, तासाभराचं काम." त्या "पुसून" शब्दाने माझ्या अंगावर काटा आला. भाऊबीजेला यंत्राचा डबा घोंगडीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन मी मुरबाडच्या एसटीत बसलो. घोंगडी म्हसाच्या जत्रेतली. पौषात तिथे गुरांचा बाजार भरतो आणि घोंगड्यांचाही. किन्हवलीपर्यंत एक बाई सारखी डब्याकडे पाहत होत्या. शेवटी त्यांनी विचारलेच, "बाळ आजारी आहे का?" मी "हो" म्हणालो. खोटे बोललो असे मला अजूनही वाटत नाही.

भाचा दारातच उभा होता, चेहरा पाडून. त्याला मी रागावलो नाही. मोजणीत शिकलेली गोष्ट अशी, की दांडगाई करून हद्द सापडत नाही. "आधी झालं काय ते सांग," म्हटले.

झाले ते असे. जागा मोकळी करावी म्हणून त्याने ओव्या ज्या भागात होत्या तो आखडून घेतला आणि चाळीस जीबी रिकामे केले. पण लिनक्स म्हणे, ही जागा निरुपयोगी आहे! रिकामी जागा डोळ्यांपुढे, आणि तिच्यात घर बांधता येत नाही. असे का, ते मला त्याने सांगितले आणि माझे कान टवकारले. हार्ड डिस्कच्या अगदी आरंभी ५१२ बाइटांचा एक तुकडा असतो. त्यात ४४६ बाइटांत यंत्र जागे करणारा छोटा प्रोग्रॅम, शेवटच्या दोन बाइटांत एक खूण, आणि मधल्या ६४ बाइटांत डिस्कच्या वाटण्यांचा तक्ता. एका वाटणीच्या नोंदीला १६ बाइट. म्हणजे चार वाटण्या. पाचवीला रकानाच नाही! १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर ही रीत आली, तेव्हा चार म्हणजे चंगळ वाटली असेल. नव्या यंत्रांत जीपीटी नावाचा मोठा तक्ता असतो, तेथे १२८ सुद्धा मावतात. आमचे यंत्र जुन्या रीतीचे.

"अरे, हा तर सातबारा!" मी म्हणालो.

"तसंच समजा, मामा."

"मग चार खातेदार झाले, तर चौथ्याचे पोटहिस्से पाडायचे. त्यात काय?"

भाचा माझ्याकडे पाहतच राहिला. तशी सोय असते म्हणे. एका मुख्य वाटणीला "एक्स्टेंडेड" करायचे आणि तिच्या पोटात हवे तितके हिस्से पाडायचे. पण मुख्य चार रकाने भरलेले असता एक्स्टेंडेडलाही रकाना लागतोच. तो त्याने मिळवला कसा, हे मात्र तो सांगेना.

पेनड्राइव्हवरून लिनक्स तात्पुरती चालू केली. यंत्रात काही न बसवता तिला असे उभे करता येते, ही मोठी सोय. पडद्यावर वाटण्यांची यादी आली: आरंभ, शेवट, लांबी. एवढे आकडे पाहून मला तरुण झाल्यासारखे वाटले. मी पेन्सिल मागितली. विंडोज ७ चा आरंभ २०६८४८ व्या तुकड्यावर. "पहिली वाटणी कुठून सुरू होते सहसा?" "२०४८ पासून." मग २०४८ ते २०६८४७ कोणाचे? २०४८०० तुकडे, प्रत्येकी ५१२ बाइट. गुणाकार केला तर बरोबर १०० एमबी. इतकी नेमकी मोकळी जागा बांधावर कोणी सोडत नाही. तेथे कोणीतरी राहत होते.

भाच्याने मान खाली घातली. शंभर एमबीची ती चिमुकली वाटणी निरुपयोगी समजून त्यानेच तिचे नाव काढले होते. दोन्ही विंडोजना उठवणारा पहारेकरी नेमका तिच्यातच राहत होता! लिनक्स आपला पहारेकरी बसवते ते अगदी शेवटी, आणि त्याआधीच वीज गेली. जुना हाकललेला, नवा आलेला नाही.

"नाव काढलंस, घर पाडलं नाहीस ना?" मी विचारले. फेरफाराने सातबाऱ्यावरचे नाव जाते. शेत जागच्या जागी असते.

पण आधी ओव्या. त्याने तो भाग उघडला. यंत्र म्हणाले, फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही. विंडोज १० बंद करताना पुरती बंद होत नाही, अर्धवट निजते, त्याचा हा परिणाम. आम्हाला वाचायचेच होते. भाच्याच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर सारे उतरवले. "नक्कल उघडते का पाहा," मी म्हणालो. न पाहिलेली नक्कल ही नक्कल नव्हेच. त्याने पहिली फाइल लावली.

आधी जात्याची घरघर. मग आईचा खोकला. मग माझाच आवाज, "आई, म्हण ना." आणि मग ती गाऊ लागली. ताई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी आली ती दारातच बसली. दुसऱ्याच ओवीत आईने तिचे नाव गुंफले होते. मला ते ठाऊक होते. अकरा वर्षे मी तिला सांगितले नव्हते. कोणी काही बोलले नाही. फाइल संपल्यावर ताई म्हणाली, "पुढचं कर बाबा, ओवाळायचं राहिलंय."

पुढचे थोडक्यात सांगतो. भाच्याने रात्रीची अर्धवट वाटणी काढली आणि पहिल्या रकान्यात २०४८ ते २०६८४७ अशी नोंद पुन्हा हाताने घातली. तेव्हा यंत्राने विचारले, येथे जुन्या वस्तीची खूण आहे, पुसू का? मी ओरडलोच, "नाही म्हण!" मग त्या वाटणीला "येथून उठायचे" अशी खूण केली. पेनड्राइव्ह काढून बटण दाबले. दोन्ही विंडोज हजर! त्यानंतर ओव्यांचा भाग काढून चौथा रकाना एक्स्टेंडेड केला, त्याच्या पोटात एक हिस्सा ओव्यांना, एक लिनक्सला. ओव्या नकलेवरून परत ठेवल्या. ताईच्या घरी इन्व्हर्टर आहे, म्हणून या वेळी विजेची धास्ती नव्हती.

रात्री साडेबाराला लिनक्स बसली आणि तिच्या यादीत विंडोजचे नावच नाही! भाचा रडकुंडीला आला. पण हा दोष नव्हता. २०२१ पासून तिचा पहारेकरी, ग्रब, शेजाऱ्यांचा शोध आपण होऊन घेत नाही. सुरक्षेसाठी ते बंद ठेवलेले असते. एका फायलीत एक ओळ बदलून यादी नव्याने करायला सांगितली, की झाले.

सकाळी ताई चहा घेऊन आली. पडद्यावरची नावे तिने चष्मा लावून वाचली.

"यातली आई कुठल्यात आहे रे?" तिने मुलाला विचारले.

"तिन्हीतून दिसते, आई."

ती बाहेरची हार्ड डिस्क मात्र तिने त्याला परत दिली नाही. पैठणीच्या घडीत घालून कपाटात ठेवली. भाचा अजून मागतो आहे.