परसातील उतरंड

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण सर्वश्रुत आहे. जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली तिला अनपेक्षित पुरवणी जोडली. पहाटे पहिली बांग देण्याचा मान गटातील सर्वांत वरचढ कोंबड्याचा. इतर आपापल्या पायरीनुसार मागाहून आरवतात. वरचढाला दूर केले, की दुसरा पुढाकार घेतो.

कोणी कोणास टोचावे याची ही उतरंड नॉर्वेचे श्येल्डेरुप-एब्बे यांनी शतकापूर्वी मांडली. तिचा दाखला देऊन माणसांतील विषमता स्वाभाविक ठरविण्याची हौस पुष्कळांना असते. परसात कोंबड्या पाळणाऱ्या गरिबाला तिचा अर्थ निराळा आहे. उतरंड एकदा ठरली की झुंजी ओसरतात. नवा कोंबडा आला की ती पुन्हा ठरू लागते. मोकळ्या परसात हरलेला पळून जातो; खुराड्यात तो कोठे जाणार? खाद्याचे भांडे एकच असेल तर तो उपाशी राहतो, आणि रक्त दिसले की इतरही त्याच जखमेवर टोचतात. ज्या घरी अंड्यांच्या पैशावर तेलमीठ येते, तेथे एक पक्षी दगावणे ही किरकोळ बाब नव्हे.

नर-मादी न निवडता पिल्ले वाटली, तर त्यांत जवळपास निम्मे नर निघणारच. वाटपाच्या आकड्यांवर संतुष्ट राहणाऱ्या योजनांनी एवढे तरी करावे: आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे, जादा नर वयात येताच वेगळे काढावेत, खाद्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत, हे पिल्लांबरोबरच घरच्या बाईला समजावून सांगावे.