संदर्भांची खतावणी

पेढीची पत खतावणीवरून जोखली जाते, तशी संशोधकाची पत हल्ली संदर्भांच्या संख्येवरून जोखतात. पुढील अभ्यासकाने आपल्या निबंधाचा आधार घेतल्याची नोंद म्हणजे संदर्भ. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी 'एच-निर्देशांक' सुचविला. ज्याच्या ४० निबंधांना प्रत्येकी किमान ४० संदर्भ लाभले, त्याचा निर्देशांक ४०.

मेंदूविज्ञानातील ब्रेंडा मिल्नर यांचा १९५७ चा निबंध घ्या. शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांच्यासह त्यांनी तो लिहिला. १९५३ च्या शस्त्रक्रियेनंतर ज्याच्या मनात नवी आठवण टिकेना, अशा 'एच. एम.' या रुग्णाची हकीकत त्यात होती. नव्या स्मृती घडण्यास हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग आवश्यक असल्याचे त्यातून उमगले. निबंधास हजारो संदर्भ मिळाले. निर्देशांकात मात्र तो एकच निबंध म्हणून मोजला जातो. आणि ज्याच्या दुःखातून हे ज्ञान लाभले, त्या हेन्री मोलेसन यांचे नाव २००८ मध्ये त्यांच्या निधनानंतरच जगाला कळले.

आकडा वस्तूचे एकच अंग दाखवितो. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या आपण कोणाचेही यश तोलताना एवढे अवश्य विचारावे, की या जमेमागे कोणाचे ऋण नोंदल्यावाचून राहिले?