अनुदान खरेदीला, मग दुरुस्तीला काय?

इलेक्ट्रिक गाडी विकत घेणं महाराष्ट्रात आता सोपं झालं आहे. राज्याच्या 2025च्या धोरणाने खरेदीला सवलती दिल्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफीही दिली. पण तालुक्याच्या गावी राहणारा माणूस शोरूमच्या पायरीवर अडतो तो एकाच प्रश्नावर: बिघडली तर न्यायची कुठे? या प्रश्नाचं उत्तर धोरणाने द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

बिघाड कसा होतो, हे ह्युंदाईच्या आयोनिक 5 वरून समजून घेता येईल. 2024 मध्ये कंपनीने भारतात या मॉडेलच्या 1,744 गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. कारण होतं आयसीसीयू नावाचं युनिट. इलेक्ट्रिक गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी बॅटरी चाकं फिरवते. 12 व्होल्टची छोटी बॅटरी दिवे, कुलपं आणि गाडीतले संगणक चालवते. मोठ्या बॅटरीचा प्रवाह जोडणारे स्विचही या छोट्या बॅटरीच्याच जोरावर चालतात. पेट्रोल गाडीत छोटी बॅटरी अल्टरनेटर चार्ज करतो. आयोनिकमध्ये ते काम आयसीसीयूचं. ते निकामी झालं की छोटी बॅटरी उतरत जाते, गाडीचा जोर कमी होतो आणि शेवटी गाडी थांबते. मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असली तरी काही उपयोग नसतो.

अमेरिकेत याच दोषासाठी 2024च्या मार्चमध्ये गाड्या परत बोलावल्या होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ह्युंदाई, जेनेसिस आणि किया मिळून दोन लाखांहून अधिक गाड्यांसाठी पुन्हा तीच वेळ आली, आणि आधीच्या मोहिमेत दुरुस्त झालेल्या गाड्यांनाही नवा उपाय करून घ्यावा लागला. एवढा तपशील आपल्याला माहीत आहे, कारण तिथल्या वाहन सुरक्षा यंत्रणेकडची अशी कागदपत्रं कोणालाही वाचता येतात.

इलेक्ट्रिक गाडीच वाईट, असा याचा अर्थ मुळीच नाही. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, हलणारे भाग कमी. रोजची देखभाल खरोखरच स्वस्त पडते. अडचण मोठा बिघाड झाला की सुरू होते. आयसीसीयूप्रमाणे चार्जर आणि कन्व्हर्टर एकाच सीलबंद डब्यात बसवले की आतला एक छोटा भाग जळला तरी अख्खा डबा बदलावा लागतो. तो शिल्लक नसेल तर गाडी वर्कशॉपमध्ये पडून राहते आणि कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला जातो.

आपल्याकडे गावोगावी हाताला शिस्त असलेले गॅरेजवाले आहेत. इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबलमध्ये शेकडो व्होल्टचा दाब असतो, तेव्हा प्रशिक्षणाशिवाय त्यांनी हात घालू नये, हे कंपन्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण मग प्रशिक्षण द्या. आयटीआयमध्ये हाय व्होल्टेजचं प्रत्यक्ष काम शिकवा, आणि प्रमाणपत्र मिळालेल्या मेकॅनिकला बिघाड वाचायचं सॉफ्टवेअर रास्त दरात द्या. केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहन क्षेत्रही घेतलं. मात्र कंपन्यांवर बंधन घालणारा कायदा त्याच्या मागे उभा नाही.

दुसरी गोष्ट तक्रारीची. मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीने कलम 110अ आणलं. ठरावीक प्रमाणात मालकांनी एकाच दोषाची तक्रार केली, तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. म्हणजे प्रत्येक तक्रार मोजली जाणं महत्त्वाचं. प्रत्यक्षात बहुतेक तक्रारी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच विरतात. ‘सर, अपडेट मारलाय, आता चालवून बघा,’ असं सांगून गाडी परत मिळते. जॉब कार्डवर ‘जनरल चेकअप’ एवढंच लिहिलेलं असतं. पुढच्या महिन्यात गाडी पुन्हा थांबली की पहिल्या बिघाडाचा पुरावाच नसतो.

म्हणून मालकांना माझी कळकळीची विनंती: तुम्ही सांगितलेली तक्रार तुमच्याच शब्दांत जॉब कार्डवर लिहून घ्या. कोणता फॉल्ट कोड आला, काय बदललं, कोणतं अपडेट टाकलं, हे लेखी मागा. डॅशबोर्डवरच्या इशाऱ्याचा फोटो ठेवा. तोच बिघाड पुन्हा झाला तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. गाडीसाठी मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

पण सगळा भार मालकावर टाकून चालणार नाही. सवलत जनतेच्या पैशातून जाते, त्यामुळे सरकारला अटी घालण्याचा पूर्ण अधिकार आहे. ज्या कंपनीच्या गाडीला सवलत हवी, तिने प्रत्येक जिल्ह्यात हाय व्होल्टेज दुरुस्तीची सोय दाखवावी. फॉल्ट कोडचा लेखी अहवाल मालकाला द्यावा. सुटा भाग ठरावीक मुदतीत आला नाही तर पर्यायी गाडी द्यावी. आणि राज्यात किती गाड्या कोणत्या दोषासाठी परत आल्या, ते दर तिमाहीला जाहीर करावं. राज्याच्या पुढच्या शासन निर्णयात या चार अटी आल्या पाहिजेत. वाहन घेणाऱ्या प्रत्येकाने आपल्या आमदाराकडे त्या आतापासूनच मागाव्यात.