मातीचे गुण

आश्विन लागला की आमच्या व्यवसायातल्या माणसाच्या वाट्याला दोन गोष्टी एकदमच येतात. इमारतीच्या आवारात पारिजातकाचा सडा आणि टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. सडा पाहत बसावे तर गठ्ठे डोळे वटारतात, आणि गठ्ठा सोडावा तर खिडकीतून येणारा तो मंद वास तिसऱ्या प्रश्नाच्या पुढे जाऊ देत नाही. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊकच आहे की मी पेशाने मास्तरीण. मराठी शिकवते, आणि त्याहून अधिक काळ मराठीचे पेपर तपासते. वर्षानुवर्षे आकडे लिहून हाताला अशी काही सवय जडते की घरी आमटीचा पहिला घोट घेतानादेखील मनात 'दहापैकी सहा' उमटून जाते. आमच्याकडे आमटी बहुधा यजमान करतात, म्हणून तो आकडा मनातच ठेवावा लागतो.

अशा माणसाला शरद ऋतूचे अप्रूप अधिक. कारण या ऋतूत आपल्याकडे माणसे हौसेने जी कामे करतात, त्यांतली पुष्कळशी बिनगुणांची असतात. बिनगुणांची म्हणजे निरुपयोगी नव्हेत. ज्यांना कोणी गुण देत नाही अशी.

शरद म्हणजे आपला शरद बरे का. इंग्रजी कवितांचा अनुवाद करताना मुले 'ऑटम'ला बेधडक शरद म्हणून मोकळी होतात आणि मग बिचाऱ्या शरदात भराभर पाने गळू लागतात. आपली पानगळ शिशिरातली. शरदात झाडे न्हाऊन बसलेली असतात, आकाश धुऊन वाळत घातलेले असते. कालिदासाने 'ऋतुसंहारा'चा तिसरा सर्ग या ऋतूला दिला; ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात शरदाच्या चांदण्याचे कोवळे कण टिपणारी चकोराची पिले आहेत. दुपारी अंगाची लाही करणारा ऑक्टोबरचा उकाडाही याच ऋतूचा, पण तो आपण कोजागिरीच्या आटवलेल्या दुधाबरोबर गिळून टाकतो. मला स्वतःला या दिवसांत सर्वांत आवडते ती माती. चार महिने भिजून ती मऊ झालेली असते, पण तिचा चिखल राहिलेला नसतो. मुठीत दाबावी तर आकार धरते, आणि दोन उन्हे खाल्ली की टणक होते. मातीत हात घालण्याचे खेळ याच दिवसांत का, याचे निम्मे कारण पंचांगात असेल. निम्मे मातीतच आहे.

भोंडल्याचेच पाहा. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्ती काढायचा आणि मुलींनी त्याच्याभोवती फेर धरायचा. कोठे तो हादगा, कोठे भोंडला, विदर्भ-खानदेशाकडे भुलाबाई. ही गाणी मी वर्गात लोकसाहित्य म्हणून शिकवते आणि दरवर्षी एका जागी थांबते. कवयित्रीचे नाव? सासुरवास, माहेरची ओढ, सासूची चेष्टा, नवऱ्याचा वेंधळेपणा, एवढे सगळे ज्यांनी रचले त्यांचे नाव कुठल्याच वहीत नाही. यमक जुळले नाही तर त्यांनी एखादा निरर्थक शब्द ठोकून दिला आणि फेर पुढे नेला. कोणी लाल शाईने खाली रेघ ओढली नाही. परीक्षा होती ती एकच, खिरापतीची. झाकलेला डबा कानाशी हलवायचा आणि आत काय आहे ते ओळखायचे. खुळखुळले तर फुटाणे, धप्प वाजले तर शिरा. आणि अजिबात ओळखता आले नाही तरी खायला सर्वांना सारखेच!

आता येथे एखादी वाचकभगिनी म्हणेल, "बाई, तुमचे चांदणे आणि तुमचा फेर ठीक आहे, आमची दिवाळी कढईसमोर जाते." तिचे म्हणणे खरे आहे. सणाच्या लहानसहान सुखांवरचे बहुतेक लेख फराळाचे ताट समोर आल्यावर लिहिलेले असतात, ताट भरताना नव्हे. फराळ ही केवढी कला, असे म्हणणाऱ्यांनी एकदा अनारशाचे पीठ करून पाहावे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, उपसून सावलीत पसरायचे, दमट असतानाच कुटायचे, गूळ घालून गोळा मुरत ठेवायचा. आणि एवढे होऊन तुपात सोडल्यावर अनारसा हसतो. हसतो म्हणजे विरघळून त्याचे तुकडे होतात. करणारीला त्या वेळी काय होते ते त्या क्रियापदात नाही. स्वयंपाकघरात निकाल लगेच लागतो आणि परीक्षक फार: चकली कडक झाली, करंजीत सारण कमी पडले, शेजारच्यांचा चिवडा अधिक खमंग. हे काम घरातल्या सर्वांनी वाटून घेतले तर त्यातली परीक्षा पुष्कळ कमी होते, एवढे मी अनुभवाने सांगते. पुरुषांच्या वाकड्या चकल्यांना कोणी नावे ठेवत नाही, उलट कौतुक होते. तेवढा अन्याय सोसावा.

तरी त्या कढईशेजारीही एक बिनगुणांची जागा असते. चकलीच्या पिठाचा शेवटचा मूठभर गोळा. सोऱ्यात भरण्याइतका तो नसतो आणि टाकून देण्याइतका थोडाही नसतो. आमच्या घरी तो ज्याच्या हाती लागेल त्याचा. माझ्या आईने त्याचे जन्मभर कासव केले. पाय कधी चार, कधी पाच. डोळ्यांना दोन तीळ. तिच्या शेवटच्या दिवाळीत हात थरथरत होते, चकल्या पाडणे बंद झाले होते, पण कासव झाले. त्याला तीन पाय होते, आणि डब्यातल्या सगळ्या चकल्यांच्या आधी ते संपले.

या सगळ्या कामांचा राजा मात्र किल्ला. ज्यांचे बालपण महाराष्ट्राबाहेर गेले त्यांना सांगावे लागते की दिवाळीला आमची मुले दाराशी मातीचा किल्ला करतात. विटा, दगड, फुटकी कुंडी असे जे मिळेल ते रचायचे, त्यावर गोणपाट टाकायचे, आणि मग कोपरापर्यंत हात बरबटवून चिखल थापायचा. गेरूने तटबंदी रंगवायची. हळीव पेरले की तीनचार दिवसांत डोंगर हिरवा होतो. पायथ्याशी आरशाच्या तुकड्याचे तळे; हुन्नरी मुले सलाइनची नळी लावून कारंजेही उडवतात. वर सिंहासनावर महाराज, आणि खाली कुंभारवाड्यातून आणलेली सगळी प्रजा. या प्रजेला काळाचे आणि मापाचे बंधन नाही. मावळा दरवाजापेक्षा उंच, वाघ झोपडीपेक्षा थोर, आणि गडाच्या पायथ्याशी एक पोलीस रहदारीला हात दाखवत उभा. आमच्या लहानपणी एकदा राजगडाच्या संजीवनी माचीवर क्रिकेटचा डाव मांडला होता. सबंध वाड्यात कोणालाही त्यात वावगे दिसले नाही.

वाडे गेले आणि त्यांच्याबरोबर मातीही गेली. आमच्या सोसायटीच्या आवारात पारिजातकाच्या बुंध्याभोवतालचे हातभर वर्तुळ सोडले तर सगळीकडे सिमेंटचे ठोकळे बसवले आहेत. मुले नर्सरीतून पिशवीने माती विकत आणतात. बाजारात प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्लेही मिळतात. पिशवीतून काढला, टेबलावर ठेवला, झाला. ज्या घरात आईबाप रात्री आठला परततात त्यांनी तो आणला तर मी नाक मुरडणार नाही. त्यावर हळीव उगवत नाही, इतकेच.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. किल्ल्यांच्या स्पर्धा होतात, बक्षिसे असतात, त्यांमुळे मुले हौसेने किल्ला करतात, हे सर्व चांगलेच. परंतु गुणपत्रक आले की करणाऱ्याचे डोळे किल्ल्यावरून उठून परीक्षकाकडे लागतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या एका मुलाने मला ऐन श्रावणात गाठून विचारले होते, "काकू, यंदा कोणत्या किल्ल्याला गुण जास्त आहेत?" हा प्रश्न मी महाविद्यालयात रोज ऐकते, तेथे त्यात 'किल्ल्या'ऐवजी 'प्रश्न' हा शब्द असतो.

२०२५ च्या जुलै महिन्यात मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्या दिवाळीत आमच्या सोसायटीलाही स्फुरण चढले आणि स्पर्धा जाहीर झाली. परीक्षक दोघे. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंते, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. आणि अर्थात मी. प्राध्यापक म्हटले की गुण द्यायला येतातच, असा एक समज आहे. सेक्रेटरींनी छापील तक्ता हाती दिला: मांडणी, सुबकता, माहिती, आणि 'ऐतिहासिक अचूकता, वीसपैकी'.

किल्ले पाच होते. प्रतापगड आणि निळ्या पाण्याच्या टबात उभा केलेला सिंधुदुर्ग नीटनेटके होते. शिवनेरीवर वडिलांचा हात जरा जास्तच फिरलेला दिसत होता. चार मुलांनी मिळून केलेला जिंजी खरोखर अभ्यासाने केला होता. तीन डोंगर, तिघांना जोडणारा तट. १६७७ साली महाराजांनी तो कसा घेतला आणि पुढे राजाराम महाराज तेथे असताना मोगलांचा वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत कसा चालला, ते एका मुलाने न अडखळता सांगितले. मन प्रसन्न झाले.

पाचवा किल्ला जिन्याखालच्या कोपऱ्यात होता. तिसरीतल्या एका मुलीने एकटीने केलेला रायगड. महादरवाजा पुठ्ठ्याचा आणि घट्ट बंद. वर पांढऱ्या कागदाचा पूर्ण चंद्र दोऱ्याने टांगलेला, म्हणजे कोजागिरी. आणि कड्यावर डोक्यावर चरवी घेतलेली मातीची गवळण. हिरकणीची गोष्ट मराठी घरात सांगावी लागत नाही. दूध घालायला गडावर गेलेली बाई, दिवस मावळताच बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हे मूल, आणि रात्री एकटीने उतरलेला तो कडा. आख्यायिका किती आणि इतिहास किती, ते इतिहासकारांनी पाहावे. बुरुज अजून तिच्याच नावाने ओळखला जातो. पण या रायगडावर त्या कड्याला वरपासून खालपर्यंत पायऱ्या होत्या. बोटाने दाबून केलेल्या, एकीखाली एक. पायथ्याशी काड्यापेटीचे घर आणि दाराशी पणती.

"अगं, हिरकणी कडा उतरून गेली होती ना?" मी विचारले.

"हो काकू. तेव्हा पायऱ्या नव्हत्या. आता मी केल्यात."

"का बरं?"

"रोज रोज कशी उतरेल ती?"

भाऊंनी चष्मा पुसला. पणती कशाला, असे त्यांनी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "ती येईपर्यंत ठेवायची."

मुलीची आई इस्पितळात रात्रपाळीला जाते, हे भाऊंनी मला वरच्या मजल्यावर पोचल्यावर सांगितले. मग आम्ही दोघे तक्ता घेऊन बसलो. अचूकतेच्या रकान्यात तिला शून्याखेरीज काही देता येत नव्हते. भाऊंचे म्हणणे, त्या बाजूने पायऱ्या असत्या तर शत्रूही त्याच पायऱ्यांनी वर आला असता आणि मग दरवाजे लावून उपयोग काय? म्हणणे बिनतोड होते. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "पण सगळ्या पायऱ्या एका मापाच्या आहेत हो. वळणावर टप्पासुद्धा सोडलाय तिनं. सबंध नोकरीत मला कंत्राटदारांकडून हे करून घेता आलं नाही." शेवटी तो रकाना आम्ही पाचही किल्ल्यांसाठी कोरा ठेवला. "मॅडम, बेरीज कशी करू?" म्हणून सेक्रेटरी वैतागले. उरलेल्या रकान्यांची करा, म्हटले. जिंजी पहिला आला, आणि ते योग्यच झाले. रायगड चौथा, प्रशस्तिपत्रके तीनच छापली होती.

बक्षीससमारंभाला ती नव्हती. भाऊबिजेला सकाळीच आईबरोबर मामाकडे निघाली. जाण्यापूर्वी तिने आमच्या दाराची घंटा वाजवली.

"काकू, माझ्या हळिवाला पाणी घालाल? पण वरून ओतू नका, पायऱ्या वाहून जातील. हातानं शिंपडा."

चार दिवस मी सकाळी दुधाची पिशवी आत घेतली की वाटीभर पाणी घेऊन जिन्याखाली जात असे. पाचव्या दिवशी हळीव बोटभर वाढले, हिरकणी गवतात कमरेपर्यंत बुडाली, आणि खालच्या दोन पायऱ्या दिसेनाशा झाल्या. तेवढ्या जागेवरचे गवत मी बोटाने बाजूला केले.