आज्ञार्थी वाक्याचा तास

संगणक शिकवतो असं म्हणणाऱ्या बऱ्याच शाळांत प्रत्यक्षात माउस शिकवला जातो. कुठे टिचकी मारायची, अक्षर ठळक कसं करायचं, की झालं शिक्षण! २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी गावोगाव पोचलं. त्यामुळे आमच्या जालना जिल्ह्यातल्या पोरापोरींचा संगणकाला हात लागला, हे उपकार मी नाकारत नाही. पण हात लागणं म्हणजे शिकणं नव्हे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आलं आहे. तेही रंगीत ठोकळे ओढण्यावरच थांबलं, तर पहिले पाढे पंचावन्न.

माझं म्हणणं सरळ आहे. मुलांना कमांड लाइनवर, म्हणजे त्या काळ्या पाटीवर, बसवा. हास्केलसारखी फंक्शनल भाषा द्या आणि पहिला तास मराठीच्या शिक्षकाला घेऊ द्या.

हसू नका. समजा, मोसंबीच्या पट्टीसाठी 'हिशेब' नावाचा छोटा प्रोग्रॅम केला. मुलगी लिहिते: हिशेब १२ २५००. बारा क्विंटल, भाव अडीच हजार. हे काय आहे? आज्ञार्थी वाक्य आहे. 'हिशेब' हे क्रियापद, पुढची दोन कर्मं. या कर्मांनाच आर्ग्युमेंट म्हणतात. आडवी रेघ लावून येणारे पर्याय म्हणजे क्रियाविशेषणं. काम कसं करायचं ते सांगणारी. फरक एवढाच, की मराठीत क्रियापद शेवटी येतं, इथे आधी. वाक्यपृथक्करण ज्याला येतं त्याला याची भीती का वाटावी?

आता खरी परीक्षा. मुलगी भाव लिहायला विसरली तर? 'बारा' असं अक्षरी लिहिलं तर? किंवा शाळेत शिकवल्याप्रमाणे '१२' हे देवनागरी अंकांत लिहिलं तर? सी भाषेत आकडा वाचायला पुष्कळ जण 'एटॉय' हे फंक्शन वापरतात. त्याला 'बारा' दिलं काय आणि देवनागरी '१२' दिलं काय, ते मुकाट्यानं शून्य परत करतं. पट्टी शून्य! तक्रार नाही, सूचना नाही. सीमध्ये काळजी घेण्याची सोय आहे, पण घेतलीच पाहिजे असा आग्रह भाषा धरत नाही.

हास्केलमध्ये 'गेटआर्ग्ज' बाहेरून आलेल्या शब्दांची यादी हातात देतं, तीही क्रियापद वगळून. यादीत दोन शब्द असतील तर काय करायचं आणि नसतील तर काय, हे आपण ओळीनं लिहायचं. एखादी शक्यता राहून गेली, तर सूचना चालू ठेवलेला कंपायलर ती दाखवून देतो. आकडा वाचायला 'रीडमेबी' आहे. त्याचं उत्तर दोनच प्रकारचं: 'हा घ्या आकडा' किंवा 'आकडा नाही'. दुसऱ्या उत्तराचं काय करायचं हे ठरवल्याशिवाय पुढे गुणाकार करता येत नाही. आळस करून साधं 'रीड' वापरलं तर प्रोग्रॅम धाडकन पडेल, पण शून्य सांगून शेतकऱ्याला फसवणार नाही.

देवनागरी '१२' लाही 'रीडमेबी' 'आकडा नाही' म्हणतं. इथे शिक्षकाला सोन्याची संधी आहे. युनिकोडमध्ये '०' चा क्रमांक २४०६ आणि '९' चा २४१५. कुठल्याही अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा करा, अंकाची किंमत मिळाली. सहावीची मुलगी हे फंक्शन लिहू शकते, आणि त्या दिवसापासून तिचा प्रोग्रॅम तिचे अंक वाचतो. टिचक्या मारून हे कधी कळलं असतं?

आणखी एक शिस्त. बाहेरचं जे येतं ते ओसरीवर घ्यायचं, तिथेच तपासायचं, मगच माजघरात न्यायचं. गुणाकार करणारं फंक्शन माजघरात. त्याला बाहेरच्या गोंधळाचा वाराही लागत नाही, म्हणून ते वेगळं काढून तपासता येतं. हास्केल ही वेशी टाइपांतूनच आखून देते.

हे खूळ परदेशी आहे, असं कुणी म्हणेल. पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातील आर. पी. मोदी यांनी १९९१ सालीच शिक्षणात सी भाषेच्या वापरावर लेख लिहिला होता. पुढे त्याच विद्यापीठात गोफर ही हास्केलची धाकटी बहीण शिकवली गेली, आणि तिच्या पुणेरी आवृत्तीला 'पुगोफर' असं नावही पडलं. पुण्यात झालं ते अंबड-परतुरात होणार नाही, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

दुसरा आक्षेप इंग्रजीचा. पाच-पंचवीस इंग्रजी शब्द लागतील, हे खरं. पण लिनक्सचे पाठ मराठीत ऐकायचे तर मुंबई आयआयटीचा स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्प आहे, तोही फुकट. अडसर भाषेचा नाही. मराठी माध्यमाचं पोर म्हणजे फार तर डेटा एन्ट्री करणार, हे आपण आधीच ठरवून टाकलंय, अडसर तो आहे.

टिचकी मारणारा दुसऱ्यानं मांडलेल्या चित्रांतून निवड करतो. आज्ञा देणाऱ्याला वाक्य रचावं लागतं, आणि आज्ञा स्वीकारणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला समोरचा काय काय चुकू शकेल याचा विचार करावा लागतो. हा विचार शिकवणं शाळेचं काम नसेल, तर मग कुणाचं?

आठवड्यातून एक तास द्या. खडू आहे, फळा आहे, व्याकरण आहे. शाळेत धूळ खात पडलेला जुना संगणकही याला पुरतो.