१२ आणि ८ ची बेरीज १२८ कशी? पायथॉनची उसनवारी समजून घ्या

रावेरच्या केळीचे दोन घड. वजन १२ आणि ८ किलो. विद्यार्थी पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहितो, दोन्ही आकडे टाइप करतो आणि उत्तर येते १२८! पायथॉन शिकताना ही ठेच अनेकांना लागते.

असे का होते?
कीबोर्डवरून आलेली माहिती पायथॉन मजकूर समजतो. दोन मजकुरांची बेरीज म्हणजे ते एकमेकांना जोडणे. पायथॉन 'डायनॅमिक' भाषा आहे. कुठे आकडा आणि कुठे मजकूर, हे आधी जाहीर करावे लागत नाही. त्यामुळे लिहिणे सोपे, पण चूक प्रोग्राम चालवल्यावरच कळते.

उपाय कुठला?
सी, जावा या भाषांत प्रकार आधीच सांगावा लागतो. ही शिस्त पायथॉनने २०१५ मध्ये 'टाइप हिंट' म्हणून घेतली, पण सक्ती न करता. वजन हा आकडा आहे, असे लिहून ठेवले की 'मायपाय'सारखे साधन प्रोग्राम चालवण्याआधीच चूक दाखवते.

आणखी काय घेतले?
• ओळी आत सरकवून गट पाडणे : एबीसी
• लिस्ट कॉम्प्रिहेन्शन (२०००) : हास्केल
• असिंक-अवेट (२०१५) : सी शार्प

सगळेच घ्यावे का?
नाही. सी भाषेत अटीमध्येच किंमत देता येते; पण 'बरोबर'चे एक चिन्ह कमी पडले की चूक लपून राहते. पायथॉनने सोय घेतली, चिन्ह मात्र वेगळे ठेवले. तरीही वाद इतका पेटला, की २०१८ मध्ये निर्माते गुइडो व्हॅन रॉसम नेतृत्वातून बाजूला झाले.

आमचे मत
मराठी, गुजराती, हिंदीच्या शेजारात वाढलेली अहिराणी बोलणाऱ्या खान्देशाला उसनवारी नवी नाही. शब्द बाहेरून आले तरी बोलीचा बाज टिकतो. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांनी पायथॉन शिकवताना हेही सांगावे. पाठ केलेला प्रोग्राम परीक्षेपुरता चालतो. कोणती कल्पना कुठून आणि कशासाठी आली, हे ज्याला कळले, त्याला उद्याची नवी भाषा परकी वाटणार नाही. सुरुवात सोपी आहे: पुढच्या प्रॅक्टिकलला प्रत्येक फंक्शनला टाइप हिंट लिहा आणि प्रोग्राम चालवण्याआधी तपासा.